मालगुजाराचा तलाव आणि अब्जाधीशाचं भांडवल

३१ मार्च १९५१ या दिवशी भंडारा जिल्ह्यातल्या मालगुजारांची मालकी संपली. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. तिथल्या विधानसभेनं केलेल्या कायद्यानं गावोगावचे मालगुजारी हक्क त्या तारखेपासून सरकारजमा झाले. कुठे बंड झालं नाही, वाडे जळले नाहीत. १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी ज्यांना गावाचं मालक ठरवलं, त्यांच्या तीन-चार पिढ्यांच्या सत्तेवर राजपत्रातल्या काही पानांनी पडदा पडला. शेजारच्या चांदा जिल्ह्यातले अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५२ साली निकाल आला, कायदा टिकला. मालगुजारांकडे उरली ती सीर आणि खुदकास्त, म्हणजे स्वतः कसायची, जमीन, थोडा मोबदला आणि नावामागचा मान.

अतिश्रीमंती आणि विषमता यांमुळे भांडवलशाहीचं भवितव्य धोक्यात आलं आहे का, हा प्रश्न जगभर विचारला जातो आहे. त्यावरची पुस्तकं न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये लिहिली जातात. पण उत्तर शोधायला भंडाऱ्याइतकी चांगली जागा क्वचित सापडेल. या जिल्ह्यानं अमाप मालकीची एक व्यवस्था बहरताना पाहिली, ती जाताना पाहिली आणि ती गेल्यानंतर मागं काय उरतं तेही पाहिलं. कायम वाटणारी मालकी पाच-सहा वर्षांत जाऊ शकते, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

मालगुजारी गेली, तिचे तलाव राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांतले बरेच मालगुजारीहूनही जुने आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ते बांधले. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला सांडवा ठेवायचा, तुडुमातून पाणी पाटात सोडायचं आणि बांधीबांधीतून ते शेवटच्या धुऱ्यापर्यंत न्यायचं, ही विद्या या समाजाच्या हातात होती. इंग्रजांच्या बंदोबस्तात गावाबरोबर तलावही मालगुजाराच्या नावावर गेला.

मालगुजार काही धर्मात्मा नव्हता. वेठबिगार होती, सावकारी होती, कुळाला जमिनीवरून उठवणं होतं. तलावाच्या गाळाच्या टोपल्या वाहणारं डोकं आणि तलावाखालच्या उत्तम बांधीचा मालक या दोघांची जात सहसा एक नसे. तरीही उन्हाळ्यात पाळीला माती पडे, तुडुम दुरुस्त होई, आणि पाणी कुणाला आधी, कुणाला नंतर याचा नियम पाळला जाई. याचं कारण सरळ होतं. मालगुजाराचं उत्पन्न त्याच पाण्यावर पिकणाऱ्या धानातून येई. तलाव फुटला तर रयतेचं पीक जाई, आणि रयतेचं पीक गेलं की त्याचा वसूल बुडे. तो जुलमी असला तरी गावाला बांधलेला होता.

आजच्या अतिश्रीमंतीचा हिशेब या एका मुद्द्यावर मांडायला हवा. आजच्या भांडवलाला कुठलं गाव लागतं? साकोलीचा पाऊस बुडाला, तुमसरच्या बाजारात धानाला उठाव नसला किंवा पवनीतली तरणी पोरं नागपूर-हैदराबादला निघून गेली, तर मुंबईतल्या शेअर बाजारात कुणाचा वसूल बुडतो? मला वाटतं, धोक्याचं मूळ इथं आहे. श्रीमंत किती श्रीमंत झाले हा आकडा डोळे दिपवतो, पण त्याहून महत्त्वाचं हे की त्यांच्या भरभराटीला आता आपली गरज उरलेली नाही. ज्या संपत्तीचा आपल्याशी काही संबंध उरत नाही, तिचं रक्षण आपण का करावं, हा प्रश्न लोक आज ना उद्या विचारणारच.

हा प्रश्न भारतात सर्वांत स्पष्टपणे विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात प्रत्येकाला एक मत देणारी आणि जगण्यात मात्र विषमता ठेवणारी ही विसंगती आपण फार काळ चालवली, तर विषमतेचे चटके सोसणारेच ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. याच्याही आधी, १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि हे थेट संविधानातच लिहावं, असा आराखडा मांडला होता. तो स्वीकारला गेला नाही. पुढे १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला ते उभे राहिले ते याच भंडाऱ्यातून. मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा आठ हजारांवर मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, तेही आर्थिक विषमतेचा ध्यास घेतलेले. मालगुजारी जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. संपत्तीच्या वाटपाचा विचार आयुष्यभर केलेली ही दोन माणसं त्या उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या गावांतून एकाच मतदाराला आवाहन करत फिरत होती. जिल्ह्याच्या इतिहासातला हा अध्याय आपण फक्त पराभवाच्या आठवणीपुरता जपून ठेवला, याची मला खंत वाटते.

आता आजच्या धानाकडे येऊ.

दिवाळीच्या पुढेमागे हलकं धान कापणीला येतं आणि आधारभूत खरेदी केंद्रांच्या बातम्या सुरू होतात. जिल्ह्यात ही खरेदी मुख्यतः मार्केटिंग फेडरेशनसाठी होते, प्रत्यक्ष माप घेतात त्या गावोगावच्या सेवा सहकारी आणि खरेदी-विक्री संस्था. आधी सातबारा, आधार आणि बँक पासबुक घेऊन ऑनलाइन नोंदणी. ई-पीक पाहणीत धान दिसत नसेल तर तिथंच गाडं अडतं. नंतर पाळीची वाट. केंद्रावर मूठभर धान यंत्रात घालून ओलावा बघतात, १७ टक्क्यांच्या वर गेला की धान पुन्हा अंगणात पसरायचं. कधी बारदाना नसतो, कधी गोदाम भरलेलं असतं. ४० किलोच्या कट्ट्यामागे किलो-दोन किलो जादा धान घेतल्याच्या तक्रारी दर हंगामात छापून येतात. माप झालं की चुकाऱ्याची वाट बघायची. ज्याला पोरीचं लग्न किंवा दवाखाना काढायचा असतो त्याला तेवढा धीर नसतो. तो घराजवळच्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खालच्या भावात धान टाकून मोकळा होतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल ठरला. वर राज्य सरकारचा बोनस येतो. २०२२-२३ च्या हंगामाला हेक्टरी १५,००० रुपये, पुढच्या दोन हंगामांना हेक्टरी २०,०००, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर भरली, तेव्हा बहुतेकांचं सगळं शेत या मर्यादेच्या आतच बसतं. धान पिकवण्याच्या खर्चाची आणि भावाची तोंडमिळवणी या बोनसनं होते, आणि म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी त्याची घोषणा कधी होणार याकडे अख्ख्या जिल्ह्याचे कान लागलेले असतात.

हे धान पुढे कुठं जातं बघा. मिलमध्ये भरडाई होते. क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा असतो. तो गोदामात जातो आणि तिथून रेशन दुकानात. ज्यानं धान विकलं, त्याच्याच घरी माणशी पाच किलोच्या हिशेबानं मोफत धान्य येतं. अंत्योदय कार्ड असेल तर घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण फुकट झालं, १ जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षं चालू राहील असं ठरलं. देशातल्या ८१ कोटींवर माणसांसाठी ही तरतूद आहे. केंद्राचं अन्न अनुदान वर्षाला दोन लाख कोटींच्या घरात जातं. त्याच घरातल्या बाईच्या खात्यात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये येतात. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्या एका योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते.

म्हणजे धानाचं मोठं गिऱ्हाईक सरकार, तांदूळ वाटणारं सरकार, आणि किराणा, साबण, मोबाइलचा रिचार्ज घ्यायला घरात येणाऱ्या रोकडीतला मोठा वाटाही सरकारचाच. मी या मदतीच्या विरोधात नाही. रोवणीच्या चिखलात दिवसभर कमरेत वाकून परे लावणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचे दीड हजार येतात, तेव्हा घरात तिचं वजन वाढतं. ही रक्कम थांबवा म्हणणाऱ्यांनी आधी चार दिवस रोवणीला जावं. पण अर्थव्यवस्थेकडे बघायचं तर हे मान्य करावं लागेल की भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात बाजार सरकारच्या टेकूवर उभा आहे. मजुरी आणि पिकाचा भाव यांतून जी खरेदीची ताकद यायला हवी होती ती आली नाही, म्हणून सरकार ती दर महिन्याला खात्यात भरतं. कारखान्याच्या मालकाला गिऱ्हाईक मिळतं ते या पैशातून.

या टेकूचा पैसा कुणाच्या खिशातून येतो, हा पुढचा प्रश्न. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं सवलती न घेणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर. २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी भरलेला आयकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त निघाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. मृत्यूनंतर वारशावर लागणारा कर १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. जीएसटी मात्र प्रत्येकाला लागतो. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतल्या तांदळावरही ५ टक्के लागला. ज्या जिल्ह्याचं सारं जगणं धानावर, तिथल्या माणसानं दुकानातून तांदळाची पिशवी आणली की तो सरकारी तिजोरीत भर घालतो, आणि हजारो कोटींचे समभाग बापाकडून मुलाकडे जातात तेव्हा वारसा म्हणून त्यावर एक रुपयाही द्यावा लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये नितीन भारती, लुकास शॅन्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमांची या चौघांनी भारतातल्या शंभर वर्षांच्या उत्पन्नाचा आणि संपत्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. खालच्या निम्म्या लोकांकडे संपत्तीचा ६.४ टक्के. वरच्यांचा उत्पन्नातला हा वाटा इंग्रजी राजवटीतल्यापेक्षाही जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे भंडाऱ्यात मालगुजार होते त्या काळातही देशाची मिळकत इतक्या थोड्या हातांत नव्हती.

याला उत्तर देणारे आहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतातली खर्चातली विषमता कमी झालेली दिसते. गिनी निर्देशांक ०.२६६ वरून २०२३-२४ मध्ये ०.२३७ वर आला. माणशी मासिक ग्रामीण खर्च ४,१२२ रुपये झाला. जागतिक बँकेच्या तेव्हाच्या दारिद्र्यरेषेनं अतिदारिद्र्य २०२२-२३ मध्ये २.३ टक्क्यांवर उतरलं. गावात फिरणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसतं. कौलं जाऊन स्लॅब आले, दारात मोटारसायकल आहे, पोरगी तालुक्याच्या कॉलेजात जाते, गॅस आहे, नळ आहे. हे सगळं खरं आहे. माझ्या मते दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत आणि गोम तिथंच आहे. खर्च सरकारी मदतीनं आणि कर्जानं वाढू शकतो, मालकी तशी वाढत नाही. शिवाय घरोघर फिरणाऱ्या पाहणीत अब्जाधीशाचं घर येत नाही. त्या घरातली संपत्ती महिन्याच्या किराण्यात मोजता येत नाही.

कर्जाचंच घ्या. आज भंडाऱ्याच्या कुठल्याही मोठ्या गावात मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा माणूस ठरलेल्या वारी येतो. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं या कर्जांवरची व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकली आणि दर ठरवणं कंपन्यांवर सोपवलं. बायांचा गट, एकमेकींची जामीनकी, आणि व्याज सहसा वीस टक्क्यांच्या वर. नागपुरात फ्लॅट घेणाऱ्या पगारदाराला याच्या निम्म्याहून कमी दरानं पैसे मिळतात. ज्याच्याकडे काही नाही त्याला पैसा सर्वांत महाग पडतो. मालगुजाराच्या सावकारीत हेच होतं, फक्त तेव्हा सावकाराचा चेहरा ओळखीचा होता आणि पीक बुडालं की त्याच्या ओसरीवर जाऊन रडता येत होतं.

भांडवलशाहीचा मोठा अभिमान म्हणजे स्पर्धा. दहा दुकानं असली की भाव उतरतो आणि माल सुधारतो. या तत्त्वाचा खरा भक्त असेल त्यानं मोबाइलचं बघावं. २०१० च्या सुमारास देशात डझनभर मोबाइल कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली, त्यातही खरी झुंज दोघांत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आठवड्याभरात दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा २३९ चा रिचार्ज २९९ झाला. गावातल्या पोराला त्या फोनवरच परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, त्याच्या बापाला धानाची नोंदणी बघायची असते, आईला लाडक्या बहिणीच्या हप्त्याचा मेसेज बघायचा असतो. साठ रुपये वाढले म्हणून रिचार्ज सोडून देता येत नाही. बाजारातले लहान मासे संपले की मोठ्यांना एकमेकांशी भांडायची गरज उरत नाही. रघुराम राजन आणि लुइजी झिंगालेस या दोन अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्येच पुस्तक लिहिलं होतं की भांडवलशाहीला खरा धोका भांडवलदारांपासून असतो, कारण शिखरावर पोचलेला माणूस शिडी काढून घेतो. दोघंही खुल्या बाजाराचे कडवे समर्थक आहेत.

शिडी काढून घ्यायची तर सत्तेची साथ लागते. निवडणूक रोख्यांमधून कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळू नये अशी व्यवस्था २०१८ पासून होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. देणाऱ्यांची यादी बाहेर आली तेव्हा खाणी, बांधकाम, औषधं, लॉटरी असे ज्या धंद्यांचं नशीब सरकारी सहीवर असतं त्यांची नावं भरभरून दिसली.

भंडाऱ्याला मोठं भांडवल ठाऊक नाही असं नाही. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी इंग्रजी कंपनीनं चालवल्या. १९६२ साली त्यांच्यासाठी मॉइल ही कंपनी स्थापन झाली आणि सरकारचा हिस्सा ५१ टक्के झाला. १९७७ साली ती पूर्ण सरकारी झाली आणि २०१० मध्ये तिचे समभाग बाजारात आले. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं. वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या स्फोटात किमान आठ कामगार दगावले. माणेकनगरचा युनिव्हर्सल फेरो कित्येक वर्षं बंद पडून आहे. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या कारखान्याची कोनशिला २०१३ मध्ये बसली. जमिनी घेतल्या, तरुणांनी आयटीआयचे फॉर्म भरले, कारखाना मात्र उभा राहिला नाही. बिडीच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि त्या काळी भंडारा जिल्ह्यातच असलेल्या त्या भागात शिक्षणाची सोय झाली. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी तेव्हाही तुटपुंजीच होती, हे विसरून चालणार नाही. पण ज्या जिल्ह्यातून पैसा काढला तिथं तो थोडा तरी पेरावा, एवढी त्या भांडवलाला जिल्ह्याची ओळख होती.

मग गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन केलं. मूळ खर्च ३७२ कोटी. पुढे सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं होतं. दोनशेच्या आसपास गावं बाधित झाली. गावठाणं उठली, पुनर्वसनाच्या वसाहतींत शेतकऱ्याचा मजूर झाला, आणि मोबदल्याच्या आंदोलनांत एक पिढी म्हातारी झाली. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येतं. खर्च ३७२ वरून हजारो कोटींवर जाताना वाढीव दराची निविदा, वाढीव काम, वाढीव मुदत अशा वाटांनी पैसा गेला. त्याच्या चौकश्या झाल्या, गुन्हेही नोंदले गेले. इथं बाजार कुठं होता आणि स्पर्धा कुठं होती? नफा कंत्राटात आणि तोटा बुडीत गावांत, अशी ही वाटणी. तिला भांडवलशाही म्हणणं हा भांडवलशाहीचाच अपमान आहे, असं तिच्या समर्थकांनी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. ते गप्प राहिले.

आणि खैरलांजी. विषमतेवर भंडाऱ्यातून लिहायचं आणि मोहाडी तालुक्यातलं हे गाव टाळायचं, हे मला शक्य नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची, सुरेखा, प्रियांका, सुधीर आणि रोशन यांची, गावातल्याच जमावानं हत्या केली. या दलित कुटुंबाकडे पाचेक एकर जमीन होती. त्यांनी मुलं शिकवली होती. त्यांच्या शेतातून रस्ता हवा म्हणून वाद होता. भांडवलशाही सांगते की सातबारा हातात असला, मेहनत केली आणि शिकलं की माणूस वर येतो. सुरेखाबाईंनी हे सगळं केलं. त्यांच्या सातबाऱ्याचं रक्षण करायला त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. मालमत्तेचा हक्क हा भांडवलशाहीचा पाया म्हणतात. तो पाया धनिकाच्या बाबतीत पक्का आणि दलित बाईच्या बाबतीत ठिसूळ असेल, तर त्यावरच्या इमारतीवर विश्वास ठेवायला कुणाला सांगायचं?

एवढं असूनही भांडवलशाही उद्या कोसळेल असं मला वाटत नाही. ती फार लवचीक आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेत रूझवेल्टनं तिला वाचवलं ते श्रीमंतांवर कर बसवून आणि मजुराला पेन्शन देऊन. १९४४ साली तिथं वरच्या उत्पन्नावर ९४ टक्के कर होता, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तिथल्या मजुरानं घर घेतलं, गाडी घेतली. आपल्याकडेही सत्तरच्या दशकात वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. त्यानं विषमता गेली नाही, काळा पैसा वाढला. संपत्ती कर रद्द झाला तेव्हा त्याचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम हजार कोटी होतं, त्यामुळे वसुलीचा खटाटोप परवडत नाही हा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. नुसता दर वाढवून भागत नाही, हे डाव्यांनीही मान्य करावं.

मामा तलावांची पुढची हकीकत इथं आठवावी लागते. मालगुजार गेल्यावर तलाव सरकारचे झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचत गेला, पाळींवर झुडपं माजली, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणं झाली, तुडुम गळके झाले. जुना मालक गेला आणि नव्या मालकाचा जीव त्या पाण्यात अडकलेला नव्हता. गावाला निस्ताराचे, म्हणजे वापराचे, हक्क मिळाले, पण दुरुस्तीचा अधिकार आणि पैसा गावाकडे आला नाही. संपत्ती वरून काढून दुसऱ्या वरच्याकडे दिली तर खालच्याचं काय होतं, त्याचा हा पुरावा आहे. भांडवलशाही संपली तर गरिबाचं भलं होईल, असं मानणाऱ्यांनी एकदा अशा तलावाच्या पाळीवर उभं राहून बघावं.

तलाव जिथं पुन्हा जिवंत झाले तिथं काय घडलं, तेही दिसतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही मनीष राजनकरांची संस्था शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाबरोबर काम करते. त्यांनी तलावातली बेशरमाची झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, त्यांच्या आधारानं देशी मासे परत आले. यात ढिवर बायांचा पुढाकार मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगलेल्या, पण तलावाच्या निर्णयात कधी न विचारल्या गेलेल्या या बाया. मासेमारी सहकारी संस्थेचा ठेका आणि पाण्याची निगा एकाच हातात आली की निगा राखणाऱ्यालाच त्याचं उत्पन्न मिळतं. मालगुजाराच्या काळात तलाव टिकण्याचं जे कारण होतं तेच हे, फक्त आता ते बहुतांच्या बाजूनं लागू झालं.

देशाच्या पातळीवर याचा अर्थ मी असा लावतो. वारसा कर परत आला पाहिजे. पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०२४ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात १० कोटींवरच्या संपत्तीवर दरवर्षी २ टक्के आणि १० कोटींवरच्या वारशावर ३३ टक्के कर सुचवला आहे. त्यांच्या हिशेबानं ९९.९६ टक्के प्रौढांना याची झळ लागणार नाही आणि देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.७३ टक्के पैसा उभा राहील. दरावर वाद घालता येईल. पण एप्रिल २०२४ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला आणि मोठ्या पक्षांनी कानांवर हात ठेवले. दोन एकरवाल्याला भीती घातली गेली की तुझी जमीन जाईल. साकोली-लाखनीच्या धान उत्पादकांत १० कोटींचा धनी शोधून दाखवावा.

आणि आलेल्या पैशाची मालकी खालपर्यंत जायला हवी. खनिज जिथून निघतं तिथं खर्च व्हावा म्हणून २०१५ च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली. रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के एवढा जादा पैसा खाणवाल्यांना तिथं भरावा लागतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या आसपासच्या ग्रामसभांनी त्यातला प्रत्येक रुपया ठरवावा, कलेक्टर कचेरीनं नंतर सही करावी. मामा तलाव पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि ढिवरांच्या संयुक्त संस्थांकडे द्यावेत, दुरुस्तीच्या निधीसकट. धानाची भरडाई करणाऱ्या मिल सहकारी क्षेत्रात उभ्या राहाव्यात, म्हणजे कोंडा, कनकी आणि तेलातला नफा बांधीवाल्याला मिळेल. आज त्याच्या वाट्याला हमीभाव आणि बोनसची वाट बघणं एवढंच येतं.

बोनसची घोषणा यंदाही होईल, कदाचित हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत झालीही असेल. ती व्हावी, वेळेवर व्हावी आणि चुकारे पंधरा दिवसांत जमा व्हावेत. पण हिवाळी अधिवेशनात भंडाऱ्याचे आमदार बोनसच्या रकमेवर घसा कोरडा करतात, तेव्हा त्यातल्या एकानं तरी उभं राहून विचारावं की वारसा कर १९८५ साली का रद्द केला आणि तो परत कधी आणणार. कर केंद्राचा असेल, पण ठराव करून दिल्लीला पाठवायला विधिमंडळाला कुणाची परवानगी लागत नाही. मालगुजारी संपवणारा कायदा याच नागपुरात झाला होता.